न आलेल्या माणसाचं ताट

त्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मला भूक लागली आणि मी घाबरलो. हसू नका. एकवीस वर्षांत मला संध्याकाळची भूक म्हणून कधी लागलीच नव्हती. सकाळी खायचो, दुपारी खायचो, चार माणसांसारखं. पण पाचाचा सुमार झाला की, मग मी तळघरातल्या बॉयलरपाशी असो नाहीतर गच्चीवर टाकीची झाकणं तपासत असो, पोट आपोआप भरायचं. आधी घशात ऊब यायची, मग जिभेच्या मुळाशी कोंबू शेवाळाची खारट चव, आणि मग ढेकर. काहीही न खाता ढेकर. ओसाकात आल्यावर पहिल्याच महिन्यात हे सुरू झालं. मध्ये एकदा, नवव्या हिवाळ्यात, चव थोडी बदलली, मीठ जरा चढं झालं, एवढाच काय तो फरक. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला पित्त आहे, दुसरा म्हणाला लग्न करा. मी दोघांचंही ऐकलं नाही. आमच्या सात मजली इमारतीत फरशी पुसणाऱ्या हिगाशीबाई मला रोज चिडवायच्या, "ओकुमुरासाहेब, तुम्हाला कोणीतरी चोरून जेवू घालतंय. कोण ती, आम्हाला दाखवा तरी एकदा." मी म्हणायचो, तुमच्यासारखी सुगरण नाही हो मिळाली. त्या खूश. पण त्या मंगळवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, आणि पोट रिकामंच. कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. मी जिभेनं टाळू चाचपून पाहिली. कसलीच चव नाही. रोज ज्या घड्याळाची टिकटिक ऐकूसुद्धा येत नाही ते बंद पडलं की दचकून जाग येते ना, तसं झालं. मी चाव्यांचा जुडगा खुंटीला अडकवला, हिगाशीबाईंना म्हटलं, जरा खाऊन येतो. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

सप्टेंबरचं ऊन अजून भिंतींवर होतं. इमारतीच्या मागच्या गल्लीत मी कधी शिरलोच नव्हतो, कारण तिथं सगळी खाण्यापिण्याचीच दुकानं, आणि माणसं जेव्हा खायला निघतात त्या वेळी माझं झालेलं असायचं. पोट भरलेलं असताना स्वयंपाकघरात कोण जातं? तीनशे पावलं असतील फार तर. भाजलेल्या माशाचा धूर आला, मग आणखी एक वास आला, तो मात्र मी ओसाकात कधीच घेतला नव्हता, आणि मान वर केली तर एका दारावर निळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आमच्या गावाचं नाव. ओगिउरा. तोयामाच्या उपसागराच्या काठावर चाळीस घरं आणि एक देऊळ. तिथल्या टपालवाल्यालासुद्धा ते नकाशावर शोधावं लागायचं. ते नाव इथं, एका सायकलदुरुस्तीच्या आणि एका लॉन्ड्रीच्या मध्ये, वाऱ्यावर हलत होतं. त्या गावाच्या लेखी मी मेलेला होतो. एकवीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझा बोटीवरचा जोडीदार गेन्झोदादा आणि मी त्याच्या बोटीतून जाळं उचलायला गेलो आणि बोट उलटी सापडली, एवढंच गावाला माहीत. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. खोटं आहे. मी चांगला भ्यालो होतो. परत फिरावं असं शहाणपण सांगत होतं, आणि पोट म्हणत होतं, आत शीर. शहाणपणाचं मी आयुष्यात किती ऐकलंय ते मला ठाऊक आहे. शिरलो.

आठ माणसं बसतील एवढी जेवणाची लांब फळी, मागे शेगडी, आणि गिऱ्हाईक म्हणून एकच म्हातारा, मानेवर पंचा टाकून बशीतल्या कोळंबीशी खेळत बसलेला. शेगडीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती. "या, बसा," ती न वळताच म्हणाली, आणि मी ओळखलं. आवाज म्हातारा होत नाही हो, चेहरा होतो. नुई. गेन्झोदादाची बायको. जिच्या हातचं मी तिच्या लग्नापासून सात वर्षं आठवड्यातून चारदा जेवलो होतो, जिला मी वहिनी म्हणायचो आणि जी मला, "शिगे, स्वतःचं घर कर आता," म्हणून हाकलायची, ती. ती वळली. पन्नाशीला टेकलेली, केस पार पांढरे, पण भुवया त्याच. तिनं माझ्याकडे पाहिलं, नवीन गिऱ्हाईकाकडे बघतात तसं, आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्याही डोक्यावर काय राहिलंय? पुढचे दोन दात कृत्रिम, जाड भिंगाचा चष्मा, दाढी. शिगेतो हामाजिमा म्हणून ज्याला ती ओळखत होती तो बत्तीस वर्षांचा पोरगेला माणूस होता. आता ओकुमुरा, वय त्रेपन्न, इमारतीचा रखवालदार. मी कोपऱ्यातल्या जागेवर बसायला गेलो, तिथं स्वच्छ गादी होती, कागदात गुंडाळलेल्या जेवणाच्या काड्या मांडलेल्या होत्या. "तिथं नको," ती म्हणाली, "तिथं माणूस आहे." तिथं कोणी नव्हतं. मी एक जागा सोडून बसलो.

"नवीन दिसताय," पंचावाला म्हातारा म्हणाला. त्याचं नाव किताओका, लाकडी चपलांचे पट्टे ओवायचा धंदा, तोंडाला कुलूप नाही. "त्या जागेवर बसू पाहणारा प्रत्येक जण मालकीणबाईंचा ओरडा खातो. मीसुद्धा खाल्लाय. तिथला माणूस परगावी गेलाय म्हणे. रोज त्याचं ताट मांडतात, पहिल्या वाफेचा भात त्याला, आणि आम्ही रोखीची गिऱ्हाइकं मागून. नऊ वर्षं बघतोय, एकदा आला नाही पठ्ठ्या. इतका मान मिळत असेल तर मीही परगावी जातो."

"जा की," ती भात ढवळत म्हणाली, "तेवढीच शांतता होईल. आज त्यालाही उशीर झालाय, किताओकाकाका, तुम्हीच काही खास नाही. माशाची पेटी येते ती गाडी तीन तास अडकली होती, रुळावर दरड." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कुठले?"

"नाराचा," मी म्हटलं. एकवीस वर्षं हेच सांगत आलोय. नाराला समुद्र नाही.

"म्हणजे मासे नाहीत."

"हरणं आहेत. पण ती देवाची. खाता येत नाहीत."

किताओका खो खो हसला, तीही हसली, आणि मी कपाळावरचा घाम पुसला. परगावी गेलेल्याचं ताट मला कोणी शिकवायला नको होतं. मी त्याच ताटासमोर लहानाचा मोठा झालो. बाप उत्तरेच्या समुद्रात मोठ्या बोटींवर जायचा, सहा सहा महिने, आणि आई रोज संध्याकाळी आमच्याआधी त्याचं ताट वाढायची. नाहीतर तिकडं त्याची उपासमार होते. साराच्या वाटीवर झाकण ठेवायची. थोड्या वेळानं ते उचलून उलटं करून बघायची. आत पाण्याचे थेंब असले की तो धडधाकट आहे, कोरडं असलं की समजायचं ते समजायचं. मी तिच्या कोपराखालून डोकं घालून बघायचो. एका जानेवारीत, मी सहा-सात वर्षांचा असेन, ती झाकण उचलून क्षणभर तशीच राहिली, आणि मग तोंड फिरवून तिनं त्यावर हळूच ‘हा’ केला, काचेवर पोरं करतात तसा, आणि मग मला दाखवलं. बघ, आहेत थेंब. बाप एप्रिलमध्ये चांगला जाडा होऊन परत आला. पण मी तो ‘हा’ पाहिला होता, आणि तेव्हापासून कुठल्याही वाटीचं झाकण उघडलं की माझी नजर आधी त्याच्या पोटाकडे जाते.

तेव्हा ती जागा कोणाची हे मला लख्ख कळलं, किंवा मला तसं वाटलं. बिचारी गेन्झोदादाची वाट बघत होती. साऱ्या जगात एकट्या मला माहीत होतं की तो येणार नाही, कारण तो गेला तेव्हा मी चार हातांवर होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्या उजेडी दुकानात मला सगळं पुन्हा दिसायला लागलं. समुद्र त्या पहाटे अगदी शांत होता. आमच्या उपसागरात असंच असतं. उत्तरेला कुठंतरी लांब वादळ होतं, आणि दोन दिवसांनी आभाळ निरभ्र असताना त्याची लाट आमच्याकडे येऊन पोचते. आधी किनाऱ्यावरचे गोटे वाजतात. गेन्झोदादा उभा राहून ऐकत होता. "शिगे, गोटे वाजतायत. आज राहू दे," म्हणाला. आणि मी, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मी त्याला हिणवलं. म्हटलं, बायकोनं सोडलं नाही का आज? तो काही बोलला नाही. बोट लोटली. आमच्या गावात दोघं बोटीवर असले की एकाच दोरानं एकमेकांना कमरेला बांधून घेतात; एक पडला तर दुसऱ्यानं ओढायचं. चांगली रीत आहे, दुसरा शुद्धीवर असेपर्यंत. लाट आली ती आवाज न करता आली. बोट पालथी झाली. मी तिच्या पाठीवर चढलो, गेन्झोदादा पलीकडे पाण्यात, एका हातानं बोटीची कड धरून, आणि त्याचा पाय जाळ्यात. जाळं दगडांसकट खाली चाललेलं. आमच्या मधला दोर बोटीच्या कण्यावरून ताणला गेला आणि मी इंचाइंचानं त्याच्याकडे, पाण्याकडे ओढला जाऊ लागलो.

त्यानं आरडाओरडा केला नाही. मोकळ्या हातानं कमरेचा चाकू काढला, बोटांत फिरवला, मूठ माझ्याकडे केली आणि पुढे धरला. घरात भाजी चिरायची सुरी देताना तो असाच द्यायचा, मूठ पुढे. दोर त्याच्या हाताला येत नव्हता, माझ्या हाताला येत होता. मी घेतला. एवढंच आहे. मी एकदाही नको म्हणालो नाही. थांब, बघू काहीतरी, असं नुसतं तोंडदेखलं म्हणायला काय जात होतं? चाकू हातात आला आणि दोर तुटला, मध्ये काहीच नाही, एक श्वाससुद्धा नाही. मग बोटीच्या पाठीवर मी दुपारपर्यंत वाहत गेलो, भूशिराच्या पलीकडे खडकांना लागलो, एका बंद शेडमध्ये लपलो, आणि फटीतून गावच्या सगळ्या बोटी आम्हाला शोधताना पाहत बसलो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारली की पहिला प्रश्न आला असता, गेन्झो कुठे? मला लाज वाटली. मरणाची लाज वाटली आणि मी मरायचं सोडून ओसाकाला आलो.

आता तिला सांगावं, असं माझ्या मनात आलं. नाव न सांगता, आडून, की मी एकदा तिकडं ऐकलं होतं, तुमचे मालक गेले हो, उगाच वाट बघू नका. म्हातारी होत चाललीय, रोज पहिल्या वाफेचा भात मातीमोल करते आहे. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात तिनं ते ताट आणलं. भात, शेवाळात दाबून ठेवलेल्या माशाचे चार काप, साकेची छोटी पेली, आणि झाकणाची वाटी. तिच्यात गेन्गेचं सार, तो खोल पाण्यातला बुळबुळीत, जेलीत गुंडाळल्यासारखा मासा, जो आमच्याकडे गरिबांचा समजतात आणि मला जिवापेक्षा प्यारा होता. तिनं ते त्या रिकाम्या गादीपुढे ठेवलं, वाटी किंचित उजवीकडे सरकवली, आणि हळू म्हणाली, "जेव."

आणि माझं पोट भरलं.

माझ्यासमोर अजून नुसतं पाणी होतं. पण घशात ऊब उतरली, जिभेच्या मुळाशी शेवाळ आलं, मग गेन्गेची ती जेली ओठांच्या आतून सरकून गेल्यासारखी वाटली, जरा चढं मीठ, आणि पोट भरत भरत तट्ट झालं. मी फळीची कड घट्ट धरली. ढेकर येऊ नये म्हणून तोंडावर मूठ दाबली. शेजारच्या ताटातला भात हलला नव्हता, पेली काठोकाठ होती. मी कसंबसं किताओकाकडे तोंड करून विचारलं, "नवरा का हो त्यांचा? परगावी गेलेला?"

"छे, नवरा तर कधीच गेला," तो कोळंबीचं डोकं चोखत म्हणाला. "अकराव्या दिवशी मिळाला म्हणे, दुसऱ्या कोणाच्या जाळ्यात. व्यवस्थित सगळं झालंय त्याचं. हा दुसरा. बोटीवरचा जोडीदार. तो काही मिळाला नाही. काय मालकीणबाई, बरोबर ना?"

"बरोबर," ती म्हणाली आणि माझ्यापुढे माझी वाटी ठेवली, तेच सार, तसंच झाकण.

किताओका उठला. आंघोळीची बादली काखेत मारून म्हणाला, मी हमामखान्यात जाऊन येतो, माझी बशी उचलू नका, हे भाऊ तिची राखण करतील. भाऊ म्हणजे मी. पडदा हलला, ऊन आत आलं आणि गेलं. मी माझ्या वाटीचं झाकण उचललं. इतकी गरम वाफ की चष्म्यावर धुकं आलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि झाकणाची आतली बाजू वर केली. कोरडी. अगदी खडखडीत, फडक्यानं पुसून ठेवल्यासारखी. मी बोट फिरवलं. बोट कोरडं. डोळे उचलले तर ती फळीपलीकडून बघत होती, माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या उलट्या झाकणाकडे.

"नाराला झाकणाच्या पोटात बघतात वाटतं," ती म्हणाली.

ती वाकली, शेजारच्या ताटातल्या वाटीचं झाकण उचललं आणि माझ्यापुढे उलटं धरलं. थेंब टपटप फळीवर पडले.

"रोज असंच असतं," ती म्हणाली. "बारा वर्षं. आधी तुझ्या आईनं नऊ वर्षं मांडलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, नुई, तुझा तुला मिळाला, माझा राहिलाय, त्याला उपाशी ठेवू नकोस. मी हो म्हटलं. इथं आले बहिणीच्या दुकानात, तरी सोडलं नाही. शिगे, दात कुठे पाडलेस?"

"वहिनी," मी म्हटलं. एकवीस वर्षांनी तो शब्द तोंडात आला आणि मला रडू कोसळलं. लाज कसली सांगू, त्रेपन्न वर्षांचा बाप्या फळीवर डोकं टेकून हमसून रडलो. आई गेली हे मला असं कळत होतं. नवव्या हिवाळ्यात मीठ चढं का झालं ते कळत होतं. आणि ज्या बाईचा नवरा माझ्या हातून गेला तिनं बारा वर्षं रोज मला पहिल्या वाफेचं वाढलं होतं, जगात इतकी दया असते, असं मला वाटलं. मी तेही बोलून दाखवलं. म्हटलं, वहिनी, तू देव आहेस.

"गावही हेच म्हणतं," ती म्हणाली. "त्यांना म्हणू दे. तू म्हणू नकोस. तोंड पूस, आणि मी काय सांगते ते ऐक." तिनं फडकं माझ्याकडे सरकवलं. आवाज चढवला नाही, शेगडीवरचा मासा परतत परतत बोलत राहिली. "त्याला घरी आणलं तेव्हा मीच त्याला धुतलं. कमरेला दोराचा तुकडा होता. झिजून तुटलेला नाही, कापलेला. आणि चाकूचं म्यान रिकामं. मी कोणाला काही सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही, तिला वाटू दे तिला काय वाटायचं ते. पण मला माहीत होतं, दोर कापला म्हणजे एक जण वाचला. तू कुठंतरी आहेस. झाकणाला थेंब यायचे, मला बरं वाटायचं. दया नव्हती ती, शिगे. तू मेला असतास तर विचारणार कोणाला? म्हणून जगवलं."

बाहेर लॉन्ड्रीवाल्यानं शटर अर्धं ओढलं. मी म्हटलं, "विचार."

"आदल्या रात्री आमचं भांडण झालं," ती म्हणाली. "कशावरून तेही आता आठवत नाही, बघ. मी त्याला म्हटलं, जा समुद्रात, परत नाही आलास तरी माझं काही अडत नाही. तो काही बोलला नाही. पहाटे मी उठलेच नाही. जागी होते, पण उठले नाही. शिदोरी त्यानं स्वतः बांधली." मासा करपायला लागला होता. तिनं तो उचलून बशीत ठेवला आणि शेगडीची आच कमी केली. "चाकू त्याचा होता. तू ओढून घेतलास की त्यानं दिला? एवढंच सांग. मी तुला पोलिसात देणार नाही, शिव्या देणार नाही. पण खरं सांग."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला कुठलं उत्तर हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं; एकवीस वर्षं तिनं तो चेहरा त्यासाठीच कमावला असणार. खरं सांगणं किती सोपं होतं. त्यानं दिला, वहिनी, मूठ पुढे करून, आपणहून. मी खुनी नाही. एकवीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी रोज रात्री उशीत तोंड घालत होतो ते माझ्या दाताशी आलं होतं, आणि ऐकणारी जगातली एकुलती एक योग्य बाई समोर उभी होती. मग मला मूठ दिसली. ती पुढे येणारी मूठ आता हिला रोज दिसणार होती, भात ढवळताना, सुरी उचलताना. हिच्या एका वाक्यावर तो दार लावून गेला आणि वर चाकूही देऊन मोकळा झाला, असं हिला वाटणार होतं. खरोखर तसं होतं का? देवाला ठाऊक. मला त्याचे डोळे आठवत नाहीत. मी मुठीकडेच बघत होतो.

"मी ओढला," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"तो देत नव्हता. म्यानावर हात दाबून धरला होता त्यानं. मी बोटं उचकटली." माझा आवाज मला परका वाटत होता, पण थरथरत नव्हता. "सारखा नको, नको म्हणत होता. नुई घरी आहे म्हणाला. नुई घरी आहे, मला जायचंय. मी ऐकलं नाही."

तिनं फळीवर दोन्ही तळवे टेकले. तिच्या गळ्यातून एक आवाज आला, लहानसा, झोपेतल्या माणसानं कूस बदलताना काढावा तसा. "जायचंय म्हणाला?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिनं डोळे मिटले, आणि एकवीस वर्षांत कधी पाठ टेकली नसेल अशी मागच्या कपाटाला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि मला आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला, भीती वाटत असतानाही.

"बरं," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुकानात शिरलो तेव्हा तिनं गिऱ्हाईकाकडे बघावं तसं पाहिलं होतं. आता तेवढंसुद्धा नव्हतं. ती फळीच्या टोकाशी गेली, कागदातल्या काड्या सोडवल्या, आणि त्या रिकाम्या गादीपुढच्या भातात दोन्ही काड्या सरळ उभ्या रोवल्या. जिवंत माणसाच्या भातात तशा रोवत नाहीत. लहान पोरानं चुकून रोवल्या तरी आमच्याकडे त्याच्या हातावर फटका बसतो.

पडदा बाजूला सारून किताओका आत आला, लालबुंद, केसांतून पाणी गळत. बसता बसता त्याची नजर ताटावर गेली आणि बादली त्यानं अगदी हळू खाली ठेवली.

"अरे देवा," तो म्हणाला. "गेला की काय तो?"

"हो," ती म्हणाली. "आजच कळलं."

किताओकानं मानेवरचा पंचा काढला, त्या ताटाकडे तोंड करून नीट बसला आणि हात जोडले. मग डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं मला कोपरानं ढोसलं. "अहो, जोडा की हात. ओळख नसली म्हणून काय झालं."

मी जोडले.